पैसा परका, म्हणून बातमीही परकी?

इराणबाहेरून चालणाऱ्या फारसी वाहिन्यांविषयी एक मत जाणकारांतही रूढ झाले आहे. ते आधी नीट मांडतो. बीबीसी फारसीला ब्रिटनचा पैसा, प्रागच्या रेडिओ फर्दाला अमेरिकेचा, ‘इराण इंटरनॅशनल’मागे सौदी भांडवल असल्याची वृत्ते, बोलणारी माणसे देश सोडून बसलेली. तेव्हा ही पत्रकारिता नव्हे, परराष्ट्रांचा कर्णा आहे. या मताला इतिहासाचा आधारही आहे. बीबीसीचे फारसी प्रसारण १९४० साली युद्धाच्या गरजेतून सुरू झाले आणि वर्षभरात रझा शाहवर टीकेची झोड उठवू लागले. हे मला मान्य आहे.

मान्य नाही तो निष्कर्ष. १९७८ साली रझा शाहच्या मुलाचे, तेव्हाच्या शाहचे, सरकार म्हणत होते, बीबीसी खोमेनींना सामील आहे. आज खोमेनींचे वारस तिलाच शत्रू म्हणतात. २०१७ साली तिच्याशी संबंधित दीडशेहून अधिक लोकांच्या इराणमधील मालमत्तेचे व्यवहार त्यांनी गोठवले. पैसा दोन्ही वेळी लंडनचाच होता. मग नेमके कोणाला काय खुपत होते?

‘बाहेरचा आवाज’ हा आक्षेप तर फारसी वृत्तपत्रांचा इतिहासच विसरतो. ‘अख्तर’ १८७६ साली इस्तंबूलमध्ये निघाले, ‘कानून’ १८९० साली लंडनमध्ये, ‘हब्लुल मतीन’ १८९३ साली आपल्या कलकत्त्यात. इराणमध्ये त्यांवर बंदी येई, तरी अंक पोहोचत आणि हातोहात फिरत. १९०६ च्या घटनाक्रांतीचा इतिहास यांना वगळून लिहून दाखवावा!

देश सोडलेली म्हणून ‘तुटलेली माणसे’ म्हणाल, तर ८ जानेवारी २०२० आठवा. तेहरानहून उडालेले युक्रेनचे विमान कोसळले, १७६ माणसे गेली. सरकार तांत्रिक बिघाडाचे कारण देत राहिले. क्षेपणास्त्र आदळतानाची मोबाइलवरची चित्रफीत मात्र देशाबाहेर पोहोचली होती. कबुली आली ती ११ तारखेला. चित्रण इराणमधल्याच माणसाचे होते. देशात ते दाखवायला पडदा नव्हता. बाहेरच्या वाहिन्या ज्यांवर दिसतात त्या उपग्रह-छत्र्यांवर १९९५ पासून कायद्याने बंदी आहे. पोलीस गच्चीवरून त्या उखडून नेतात, लोक पुन्हा बसवतात. परक्या कर्ण्यासाठी एवढा धोका कोण पत्करेल?

या वाहिन्या निर्दोष नाहीत. ‘मनोतो’ने पहलवी काळ असा काही रंगवला की साव्हाक या शाहच्या गुप्त पोलिसांचे तुरुंग जणू नव्हतेच. त्यावर कठोर लिहा, पैशाचा हिशेबही मागा. पण परकेपणाचा आरोप तपासताना आणखी एक पुरावा समोर ठेवतो. नीलूफर हामेदी आणि इलाहे मोहम्मदी तेहरानच्याच दैनिकांत काम करत होत्या. पोलीस कोठडीनंतर मरण पावलेल्या महसा अमीनीच्या कुटुंबीयांनी रुग्णालयात एकमेकांना मारलेली मिठी एकीने टिपली. दुसरी अंत्यविधीच्या बातमीसाठी महसाच्या गावी, सक्केझला गेली. परक्या वाहिनीचे वेतन दोघींनाही नव्हते. तरी अमेरिकेशी संगनमताचा आरोप त्यांच्यावर आला आणि पंधरा महिन्यांहून अधिक काळ त्या तुरुंगात होत्या.