खिडकीवरचा एकटा कारकून

मोठा हिशेब चालू असताना खिडकी अचानक फिकट पांढरी पडते. वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरं उमटतात. माउस कुठेही दाबा, काही हलत नाही. आपण म्हणतो, ‘हँग झालं.’ विंडोजवर काम केलेल्या कुणालाही हे चित्र नवं नाही. पण बहुतेक वेळा त्या क्षणी प्रोग्रॅम मेलेला नसतो. तो मान खाली घालून, आपणच सांगितलेलं काम इमानानं करत असतो. वर मान करून ‘हो, ऐकतोय’ म्हणायला त्याला उसंत नसते, एवढंच. ही उसंत का नसते, याचा माग काढत गेलं की आपण १९८५ सालच्या तीन ओळींपाशी जाऊन पोचतो.

मराठीत खिडकी म्हटलं की भिंतीतल्या खिडकीइतकीच रेल्वेच्या तिकिटाची किंवा बँकेतली पैसे भरण्याची खिडकीही डोळ्यांपुढे येते. विंडोजचं अंतरंग मला कळलं ते या दुसऱ्या खिडकीमुळे. आत एक कारकून, बाहेर रांग. रांगेतला माणूस पुढे येतो, कागद देतो, कारकून काम उरकतो, ‘पुढचा’ म्हणतो. विंडोजचा प्रत्येक प्रोग्रॅम मुळात असाच चालतो. कळ दाबली, माउस हलवला, की या प्रत्येक गोष्टीचा एक मेसेज, म्हणजे निरोप, तयार होतो आणि रांगेत जाऊन उभा राहतो. प्रोग्रॅम एकेक निरोप उचलतो आणि त्याचा निकाल लावतो. खिडकी पुन्हा रंगवायची असली तरी त्याचाही निरोपच यावा लागतो. म्हणून कारकून एका कागदात अडकला की बटण दाबलेलं दिसत नाही, चित्र पुसलं गेलं तर पुन्हा उमटत नाही, आणि सगळी खिडकी थिजते.

त्याआधीचे प्रोग्रॅम असे नव्हते. डॉसवरचा प्रोग्रॅम स्वतः प्रश्न विचारायचा: नाव काय, रक्कम किती, छापायचं का. माणूस उत्तर द्यायचा. लगाम प्रोग्रॅमच्या हाती होता. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात हे नातं उलटं झालं. खिडक्या आणि माउस आले आणि पुढाकार माणसाकडे गेला. १९८४ सालच्या मॅकिंटॉशनं ते घराघरांत नेलं. तिथल्या प्रोग्रॅमच्या पोटातही ‘पुढची घटना दे’ असं विचारणारं एक न थांबणारं चक्र होतंच. मायक्रोसॉफ्टनं २० नोव्हेंबर १९८५ रोजी विंडोजची पहिली आवृत्ती बाजारात आणली, तेव्हा तिच्यातही तेच चक्र आलं: गेटमेसेज, ट्रान्सलेटमेसेज, डिस्पॅचमेसेज. निरोप घे, कळांचा अर्थ लाव, ज्या खिडकीचा असेल तिला पोचव. आणि पुन्हा पहिल्यापासून.

या तीन ओळींवर त्या काळी फार मोठं ओझं होतं. पहिल्या विंडोजला २५६ किलोबाइट स्मरणशक्ती आणि दोन फ्लॉपी ड्राइव्ह एवढ्यावर चालायचं होतं. एका प्रोग्रॅमच्या हातून यंत्र काढून दुसऱ्याला देण्याची सक्ती त्यात नव्हती. सगळा मामला सामंजस्याचा होता. एखाद्या प्रोग्रॅमनं गेटमेसेजला हाक मारली आणि त्याच्या नावावर निरोप नसला, की विंडोज त्या फटीत दुसऱ्या प्रोग्रॅमला काम करू द्यायचं. हाकच मारली नाही तर? मग तो प्रोग्रॅमच नव्हे, अख्खं यंत्र थांबायचं. म्हणजे सगळ्या कचेरीला मिळून एकच कारकून, आणि तो जागचा उठेपर्यंत बाकीच्या खिडक्याही बंद. सोळा-बिटी विंडोजमध्ये प्रोग्रॅमच्या रांगेत एरवी फक्त आठ निरोप मावत; आणखी हवे असतील तर प्रोग्रॅमरनं तसं मागून घ्यायचं. त्या काळातल्या प्रोग्रॅमरांना ही शिस्त शिकवली ती प्रामुख्यानं चार्ल्स पेट्झोल्ड यांनी. त्यांच्या ‘प्रोग्रॅमिंग विंडोज’ची पहिली आवृत्ती १९८८ साली आली. मला त्या पुस्तकाबद्दल आदर वाटतो तो एवढ्यासाठी, की चक्र लपवून न ठेवता ते सुरुवातीलाच समोर मांडतं.

चक्र लपलं ते १९९१ साली, व्हिज्युअल बेसिक आलं तेव्हा. अॅलन कूपर यांनी बनवलेल्या एका साधनाला बेसिक भाषेची जोड देऊन मायक्रोसॉफ्टनं ते घडवलं होतं. बटण ओढून खिडकीवर ठेवा, त्यावर दोनदा क्लिक करा आणि ‘दाबल्यावर काय करायचं’ तेवढंच लिहा. गेटमेसेज कुठे आहे हे पाहायची गरजच उरली नाही. हजारो माणसं, ज्यांत हिशेबनीस होते, शिक्षक होते, छोट्या गावांत बिलांचे प्रोग्रॅम लिहिणारी पोरं होती, त्या दारातून या व्यवसायात आली. मीही त्यांतलाच. हे फार मोठं काम झालं आणि त्याचं मोल कमी लेखू नये. पण रांग दिसेनाशी झाली म्हणून ती नाहीशी झाली नव्हती. बटणाच्या मागे दहा मिनिटांचा हिशेब लिहिला की खिडकी दहा मिनिटं थिजायचीच. माउसचा बाण बदलून वाळूचं घड्याळ दाखवायची सोय होती. व्हिज्युअल बेसिकमध्ये त्याचा क्रमांक ११. पण वाळूचं घड्याळ म्हणजे ‘साहेब जेवायला गेलेत’ची पाटी. साहेब कधी परतणार, ते पाटी सांगत नाही.

उपाय म्हणून भाषेतच एक शब्द दिलेला होता: डूइव्हेंट्स. हिशेबाच्या फेऱ्यांमध्ये तो टाकला की प्रोग्रॅम क्षणभर हातातलं काम बाजूला ठेवतो, रांगेत साठलेले सगळे निरोप निकाली काढतो आणि पुन्हा हिशेबाकडे वळतो. डेल्फी या प्रोग्रॅम लिहिण्याच्या दुसऱ्या साधनात १९९५ साली हीच युक्ती अॅप्लिकेशन-प्रोसेसमेसेजेस या नावानं आली. वाचायला किती सोपं वाटतं! कारकुनानं हातातला कागद तसाच ठेवून मध्येच ‘पुढचा’ म्हणायचं. मात्र तो पुढचा माणूस नेमकं तेच काम घेऊन आला तर काय, हे या शब्दात कुठेच लिहिलेलं नाही.

मला ते एका पतसंस्थेत कळलं. ठेवींवरचं व्याज खात्यांत जमा करायचा माझा प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिकमध्ये होता. पहिल्या वेळी ३१ मार्चच्या संध्याकाळी खिडकी गोठली. यंत्र बंद पडलं असं वाटून तिथल्या ताईंनी कॉम्प्युटरच बंद केला, आणि निम्म्या खात्यांना व्याज, निम्म्यांना नाही, अशी अवस्था झाली. म्हणून मी डूइव्हेंट्स टाकलं आणि किती खाती झाली याचा आकडा पडद्यावर दाखवू लागलो. सप्टेंबरअखेर आकडा छान पळू लागला. बटण दाबलं गेलं की नाही याची खात्री नसल्यानं ताईंनी ते आणखी एकदा दाबलं. बटण आता जिवंत होतं, त्यानं ऐकलं. पहिली फेरी चारशे खात्यांपाशी थबकली, तिच्या पोटात दुसरी फेरी सुरू झाली आणि पहिल्या खात्यापासून शेवटच्यापर्यंत पूर्ण झाली. मग पहिली फेरी जागी झाली आणि चारशे एकाव्या खात्यापासून पुढे निघाली. एकूण एक खात्यात व्याज दोनदा जमा. उलट नोंदी टाकता टाकता आम्हाला पहाट झाली. ताई पुनःपुन्हा म्हणत होत्या, ‘माझंच चुकलं.’ त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. समोरचं बटण दाबता येत असेल, तर ते दाबणं हा वापरणाऱ्याचा हक्क आहे. चूक माझी होती.

यंत्रणेच्या बाजूनंही या काळात बरंच घडत होतं. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांच्या ओएस-टूमध्ये १९८८ साली खिडक्या आल्या. एका प्रोग्रॅमकडून यंत्र काढून दुसऱ्याला देण्याची सक्ती तिथे होती, तरीही कळफलक आणि माउसची रांग सगळ्यांना मिळून एकच ठेवली गेली. कारण चांगलं होतं: पहिल्या कळीनं नवी खिडकी उघडणार असेल तर दुसरी कळ त्या नव्या खिडकीलाच मिळायला हवी, म्हणून क्रम मोडायचा नाही. पण एक प्रोग्रॅम अडला की पुन्हा सगळ्यांची रांग खोळंबायची. म्हणूनच तिथल्या प्रोग्रॅमरांना सांगितलं जाई की कोणत्याही निरोपाचं काम एक दशांश सेकंदात उरका. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ सालच्या निबंधात माणसाला यंत्राचं उत्तर किती वेळात मिळालं तर ते तत्काळ वाटतं याचा विचार मांडला होता, आणि कळ दाबल्यावरच्या प्रतिसादासाठी त्यांचं उत्तर याच घरातलं होतं.

१९९३ सालच्या विंडोज एनटीनं ती एकच रांग तोडली आणि प्रत्येक थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या प्रत्येक स्वतंत्र कारकुनाला, स्वतःची रांग दिली. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आलं आणि बत्तीस-बिटी प्रोग्रॅमांपुरती हीच सोय घरोघरी पोचली. पुरती म्हणतो, कारण त्याच्या आत जुन्या सोळा-बिटी भागाला एकच कुलूप होतं. एखादा जुना प्रोग्रॅम ते धरून बसला की नवेही दाराशी उभे राहायचे. तरी एकाचं दुखणं आता सहसा शेजाऱ्याला भोवत नव्हतं. गोठायची ती त्या एका प्रोग्रॅमचीच खिडकी.

त्या गोठलेल्या खिडकीचं काय करायचं, याचं उत्तर २००१ साली विंडोज एक्सपीनं दिलं आणि ते मला आजही विलक्षण वाटतं. पाच सेकंद प्रोग्रॅमनं रांगेकडे पाहिलंच नाही, की विंडोज त्याची खरी खिडकी झाकतं आणि त्याच जागी, त्याच आकाराची एक नकली खिडकी उभी करतं. तिला ‘घोस्ट विंडो’ म्हणतात. आपण ती हलवू शकतो, लहान करू शकतो, प्रोग्रॅम बंद करू शकतो. बाकी काही नाही. ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ही अक्षरं त्या भुताच्या कपाळावरची आहेत. पांढरट झाक पुढे विंडोज व्हिस्टात आली. म्हणजे गोठलेल्या खिडकीवर आपण जे वैतागून दाबत असतो, ते आपल्या प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नसतं.

खरा उपाय एकच होता: जड काम दुसऱ्या थ्रेडकडे द्यायचं आणि खिडकीवरच्या कारकुनाला मोकळं ठेवायचं. पण विंडोजमध्ये खिडकी ज्या थ्रेडनं बनवली त्याच्याच मालकीची असते. आतल्या खोलीतल्या माणसानं बाहेर येऊन स्वतःच फलकावर आकडा लिहायचा नाही. त्यानं कारकुनाला निरोप द्यायचा. २००२ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅमिंगच्या चौकटीत त्यासाठी इन्व्होक आणि बिगिनइन्व्होक होते. नियम मोडणारे प्रोग्रॅम तरीही बरेच दिवस चालत आणि मग गिऱ्हाइकाकडे गेल्यावर कधीतरी पडत. २००५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत डिबगर चालू असताना असा हात लावला की तिथल्या तिथे चूक दाखवली जाऊ लागली. तेव्हा प्रोग्रॅमरांनी खूप कुरकुर केली. मला तो निर्णय अगदी योग्य वाटतो. हेच निरोप देणं सोपं करायला त्याच आवृत्तीत बॅकग्राउंडवर्कर आला, पुढच्या वर्षी डब्ल्यूपीएफ या खिडक्या रचण्याच्या नव्या संचाचा डिस्पॅचर आला. गुंता मात्र उरला. आतला माणूस कारकुनाच्या उत्तरासाठी थांबलेला आणि कारकून आतल्या माणसासाठी, अशी दोघांची कोंडी कितीतरी प्रोग्रॅमांत झाली.

२०१२ साली सी-शार्प या डॉटनेटच्या भाषेत असिंक आणि अवेट हे शब्द आले. त्याच वर्षी विंडोज ८साठी नव्यानं लिहिलेल्या कामांबाबत मायक्रोसॉफ्टनं ठरवलं, की ज्याला ५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू शकतो ते थांबवून ठेवणाऱ्या रूपात द्यायचंच नाही. अवेट दिसायला जादूसारखं आहे. कोड वरून खाली सरळ वाचता येतो, तरी खिडकी गोठत नाही. आत घडतं ते असं: अवेटपाशी कम्पायलर फंक्शनचे दोन तुकडे करतो. पहिला तुकडा संपला की कारकून मोकळा. बाहेरचं काम झालं की उरलेला तुकडा निरोप बनून परत येतो आणि कुठे उभा राहतो? त्याच रांगेत. १९८५ सालच्या त्याच तीन ओळी तो उचलतात आणि पोचवतात. आणि जो कुणी घाईनं अवेटऐवजी रिझल्ट मागत थांबतो, त्याची कोंडीही जुनीच होते, कारण उरलेला तुकडा ज्या कारकुनाकडे यायचा, त्यालाच आपण अडवून ठेवलेलं असतं.

कारकून मोकळा झाला म्हणजे बटणही मोकळं झालं. अवेट चालू असताना तेच बटण दुसऱ्यांदा दाबलं, तर दुसरी फेरी सुरू होते, जशी त्या सप्टेंबरात झाली होती.

व्हिज्युअल बेसिक ६मध्ये लिहिलेले प्रोग्रॅम विंडोज ११वर आजही चालतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी दुकानांत, संस्थांत ते चालूच आहेत. असा एखादा प्रोग्रॅम तुमच्या हाती असेल तर त्यात डूइव्हेंट्स शोधा. नवा असेल तर बटणामागचं प्रत्येक अवेट शोधा. काम सुरू होण्याआधीच्या ओळीत ते बटण बंद करा, काम संपल्यावर, आणि मध्ये चूक झाली तरीही, ते पुन्हा चालू होईल असं पाहा. शेजारी ‘रद्द करा’ असं दुसरं बटण ठेवा आणि ते मात्र दाबता येऊ द्या.