फिशटँकच्या पंपाला सॉफ्ट स्टार्ट: कुठे लावायचा, कुठे नाही?

१२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडली आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंत वीज गेली. अशा वेळी फिशटँकची खरी परीक्षा वीज परत आल्यावर असते. पंप पुन्हा फिरलाच नाही तर पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि आपण ऑफिसात असलो तर ते कळतही नाही. म्हणून सॉफ्ट स्टार्ट लावण्याआधी पंपात कोणती मोटर आहे ते बघा.

सॉफ्ट स्टार्ट म्हणजे काय?
थांबलेली मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा बराच जास्त करंट खेचते. व्होल्टेज हळूहळू वाढवून हा झटका कमी करणं म्हणजे सॉफ्ट स्टार्ट.

१. २३० व्होल्टचा साधा पंप: नको
यात मॅग्नेटचा रोटर असतो. दोन पोलचा रोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला ३००० फेरे घेतो. सुरुवातीला तो मागेपुढे थरथरतो आणि मग एकदम लय पकडतो. डिमर लावला तर जोर कमी पडतो, लय सापडत नाही आणि पंप नुसता गुणगुणत तापतो. अशा बऱ्याच पंपांत पंखा रोटरवर मुद्दाम थोडा ढिला बसवलेला असतो. रोटर आधी मोकळा हलतो, पाण्याचा भार नंतर येतो. त्यात शेवाळ किंवा क्षार अडकू देऊ नका.

२. १२ व्होल्टची ब्रशवाली मोटर: हवा
समजा कॉइलचा रेझिस्टन्स २ ओहम आहे. सुरू होताना करंट १२ ÷ २ = ६ अँपिअर. २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर इथे मान टाकतो आणि त्याच लाइनवरचा कंट्रोलर बोर्ड रीसेट होतो. मी कोडमध्ये पीडब्ल्यूएम ३० टक्क्यांपासून २ सेकंदांत १०० वर नेतो. ३० टक्क्यांना मोटरला सरासरी ३.६ व्होल्ट मिळतात, म्हणजे करंट १.८ अँपिअर. मॉसफेटबरोबर मोटरला उलटा डायोड लावायलाच हवा.

३. ब्रशलेस डीसी पंप: आधीच असतो
याचं सर्किट स्वतःच वेग हळूहळू वाढवतं. सप्लायवर पीडब्ल्यूएम देऊ नका. वेगाची वेगळी वायर असेल तर ती वापरा.

शेवटची टेस्ट
घरी असताना प्लग १० वेळा बंद-चालू करा. दहाही वेळा पाणी वाहिलं पाहिजे. एकदा जरी अडखळला तर प्लग काढून पंप साफ करा, आणि मगच पुन्हा तपासा.