मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें?

मूल पायांनीं चालूं लागलें म्हणजे आईबाप त्याच्या वाटेंतील कांटे वेंचतात. परंतु तेंच मूल वाचूं लागलें म्हणजे त्या नव्या वाटेवर काय पसरलेलें आहे, हें पाहण्यास बहुधा कोणास सवड नसते. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं मागील वाटचालीबरोबर पुढील पिढीचीही चिंता वाहावी, म्हणून या विषयाचा थोडा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुस्तकानें माणूस पालटतो, ही गोष्ट ख्रिस्तसभेस नवी नाहीं. १५२१ सालीं पांप्लोनाच्या लढाईंत जखमी होऊन अंथरुणास खिळलेल्या इग्नेशियसनें शूर सरदारांच्या कथा वाचावयास मागितल्या. त्या घरांत नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें त्याच्या हातीं आलीं. आणि त्या वाचनांतूनच पुढें येशूसंघाचा संस्थापक उदयास आला. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांचें ओवीबद्ध मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोमंतकांत रायतूर येथें छापलें गेलें. जुन्या कथा सुटल्या तर त्यांच्या जागीं तितक्याच गोड नव्या कथा दिल्या पाहिजेत, हें त्या थोर पुरुषानें पुरतें ओळखिलें होतें.

परंतु मुलांकरितां असा विचार ज्यांनीं आयुष्यभर केला, ते संत जॉन बोस्को होत. १८१५ सालीं शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेल्या व दुसऱ्याच वर्षीं पित्यास अंतरलेल्या या पुरुषास गरीब मुलाचें मन ठाऊक होतें. १८४१ पासून तुरीन शहरांतील उनाड व कामकरी मुलें ते जवळ करूं लागले. त्यांच्यासाठीं १८४७ सालीं त्यांनीं प्रार्थनेचें व सदाचरणाचें एक पुस्तक काढिलें; १८५३ पासून दरमहा स्वस्त व सोप्या धार्मिक पुस्तिका सुरू केल्या; आणि पुढें १८६२ सालीं आपल्या आश्रमांतच छापखाना घातला. तेथें मुलें धंदाही शिकत, आणि चांगलीं पुस्तकेंही बाहेर पडत.

त्यांच्या पुस्तकांतील एक आमच्या विषयास विशेष उपयोगी आहे. दोमिनिक साव्हिओ हा लोहाराचा मुलगा १८५४ सालीं त्यांच्याकडे आला व १८५७ सालीं पंधरा वर्षेंही पुरीं होण्यापूर्वीं देवाघरीं गेला. १८५९ सालीं डॉन बोस्कोंनीं त्याचें चरित्र प्रसिद्ध केलें, तेव्हां वाचणारे पुष्कळजण त्याच्याच बांकावरचे सोबती होते. धोक्याच्या जागीं पोहावयास जाण्याचें सोबत्यांनीं सुचविलें असतां दोमिनिकनें साफ नाकारलें, असें त्यांत होतें. त्यावर एका मुलानें सांगितलें कीं, तो एकदां आमच्याबरोबर आला होता! पुढील आवृत्तींत डॉन बोस्कोंनीं मजकूर सुधारिला: दोमिनिक एकदां गेला, त्याचा त्यास पश्चात्ताप झाला, आणि पुन्हा बोलावणें आलें तेव्हां तो गेला नाहीं.

या लहानशा दुरुस्तींत सद्ग्रंथाची पहिली कसोटी आहे. पुस्तक सत्य असावें. कधींच न घसरलेला मुलगा वाचकास परका वाटतो; घसरून सांवरलेला मुलगा त्याचा हात धरतो. दुसरी कसोटी अशी कीं, नायक मुलाच्या वयाचा व स्थितीचा असावा. दगडांनीं एकमेकांचीं डोकीं फोडूं पाहणाऱ्या दोन सोबत्यांमध्यें क्रूस घेऊन उभा राहणारा दोमिनिक मुलांस कळतो, कारण तसें भांडण त्यांच्या अंगणांतही होतें. तिसरी कसोटी आनंदाची. कठोर तपश्चर्या करूं पाहणाऱ्या त्या मुलास गुरूंनीं आवरलें आणि अभ्यास, प्रार्थना व खेळ यांतच पावित्र्य साधण्यास लाविलें. जें पुस्तक मुलास केवळ भिववितें, तें त्याचें शील घडवीत नाहीं.

१९२८ सालीं डॉन बोस्कोंचे सेलेशियन पुत्र मुंबईस आले. १९३४ सालीं ते स्वतः आणि १९५४ सालीं त्यांचा तो शिष्य संतपदास चढले. आपल्या मराठींतही १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग यांनीं 'निरोप्या' मासिक सुरू करून हें बीज पेरिलें. आतां पाणी घालणें घराघराकडे आहे. सणाच्या कपड्यांबरोबर मुलास एक पुस्तक घ्यावें. परंतु देण्यापूर्वीं बापानें तें स्वतः वाचावें, आणि रात्रीं रोझरी आटोपल्यावर त्यांतील एक पान मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें. प्रभु येशूही बारा वर्षांचा असतां मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून ऐकत व प्रश्न विचारीत होता. आपल्या मुलांसही ऐकण्याजोगें व विचारण्याजोगें कांहीं मिळावें, हीच या प्रसंगीं आमची प्रार्थना.