‘एन्टाइस’: फूस लावणाऱ्या शब्दाची गोष्ट

आज आपण एकाच इंग्रजी क्रियापदाचा इतिहास पाहू. ‘एन्टाइस’. आपण त्याला फूस लावणं म्हणतो, भुलवणं म्हणतो. साधारण १३०० च्या सुमारास तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘टिटिओ’ हा लॅटिन शब्द असावा, असं कोशकार मानतात. टिटिओ म्हणजे जळकं लाकूड, आपलं कोलीत. म्हणजे मनात आधीच असलेल्या इच्छेला कोलीत लावायचं.

म्हणूनच हा शब्द लिहिताना तीन गोष्टी लागतात: भुलवणारा, भुलणारा आणि मधलं आमिष. धाक दाखवला तर तो ‘एन्टाइस’ नव्हे. नुसतं युक्तिवादानं पटवलं, तर त्याला ‘पर्स्वेड’ म्हणावं.

हा फरक फक्त व्याकरणाचा राहिला नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३६१ मध्ये अल्पवयीनाला पालकाच्या ताब्यातून ‘नेणं किंवा फूस लावणं’ हा गुन्हा ठरला. ते समजण्यासारखं आहे. लहान मुलाला न्यायला बळ लागत नाही, खाऊ पुरतो. पण कलम ४९८ मध्ये हेच क्रियापद विवाहित स्त्रीसाठी आलं. तिला नवऱ्यापासून फूस लावून नेणं हा गुन्हा, आणि तक्रार नवऱ्याची! सज्ञान बाईचा निर्णय जणू दुसऱ्या कुणाचा उद्योग.

मग न्यायालयांना शब्द नीट वाचावा लागला. १९६४ साली वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात मुलगी १८ पूर्ण व्हायला थोडेच दिवस बाकी होते. ती स्वतःच घरातून निघाली होती आणि तिनंच त्या तरुणाला फोन करून बोलावलं होतं. न्या. मुधोळकरांनी निकालपत्रात म्हटलं, की सोबत जाऊ देणं म्हणजे नेणं नव्हे. आरोपी सुटला. उलट १९७३ साली गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आशा किंवा इच्छा चेतवणं म्हणजे फूस, आणि तिचा परिणाम हळूहळू, नकळतही होऊ शकतो. तिथं अल्पवयीन मुलीला भेटवस्तू देऊन जवळ केलं होतं. शिक्षा कायम राहिली. पाहा, कोलीत तेच, फक्त धग मंद.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. विवाहित स्त्रीबद्दलचं ते जुनं कलम आता ८४ व्या क्रमांकावर आहे. क्रियापद मात्र तेच.

आपल्याकडे बातमीत सर्रास लिहितात, ‘फूस लावून पळवून नेले’. लिहिण्याआधी एवढंच विचारावं, आमिष कोणतं होतं? उत्तर नसेल, तर ती स्वतःच्या पायांनी गेली असण्याची शक्यता आहे. मग ‘ती गेली’ असंच लिहावं.