नांवांची वही आणि नांवांची स्थिति

आजचा माझा विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. एखाद्या रुग्णालयाचें, शाळेचें किंवा पेढीचें इंटरनेटवरील नांव, ज्याला डोमेन म्हणतात तें, नीट चालू आहे कीं नाहीं यावर नजर ठेवणारीं यंत्रें आज आहेत. अशा पुष्कळ गिऱ्हाइकांची संगणकविषयक माहिती सांभाळणारीं दप्तरेंही आहेत. यंत्रानें जें पाहिलें तें आपोआप दप्तरांत उतरावें, अशी या दोहोंची जोडणी आतां होऊं लागली आहे. ती करावी कीं नाहीं याविषयीं मला शंका नाहीं. कशी करावी, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठीं थोडें मागें जाणें भाग आहे.

१९६९ सालीं अमेरिकेंत अर्पानेट नांवाचें जाळें सुरू झालें. जाळ्यांतील प्रत्येक यंत्राला आंकडी पत्ता असे. परंतु माणसाच्या लक्षांत आंकडे राहत नाहींत, नांवें राहतात. म्हणून कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती-केंद्रांत एक यादी ठेवण्यांत येऊं लागली. एका बाजूस नांव, दुसऱ्या बाजूस पत्ता. १९७२ पासून १९८९ पर्यंत एलिझाबेथ फाइनलर या बाई त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवें यंत्र जोडलें कीं केंद्राला कळवावें, केंद्रानें तें यादींत लिहावें, आणि इतरांनीं ती यादी आपापल्या यंत्रावर उतरवून घ्यावी, असा क्रम होता.

या व्यवस्थेंत वही हेंच सत्य होतें. यंत्र धडधाकट चालू असलें, तरी वहींत त्याचें नांव नसेल तर इतरांच्या लेखीं तें नसल्यासारखेंच. यंत्रें थोडीं होतीं तोंपर्यंत हें निभावलें. पुढें जाळें वाढलें, आणि कोणाजवळ कालची प्रत तर कोणाजवळ पंधरवड्यापूर्वींची, असा घोळ होऊं लागला.

यावर उपाय शोधण्याचें काम जॉन पोस्टेल यांनीं पॉल मोकापेट्रिस या तरुण सहकाऱ्याकडे सोंपविलें. दोघेही दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्यें होते. मोकापेट्रिस यांनीं नोव्हेंबर १९८३ मध्यें दोन टिपणें प्रसिद्ध करून डोमेन-पद्धतीची मांडणी केली. एक मोठी वही मोडून तिच्या अनेक लहान वह्या करावयाच्या, आणि ज्याची वही त्यानेंच ती सांभाळावयाची, ही त्या योजनेची बाहेरची बाजू. मला तिची आंतली बाजू अधिक मोलाची वाटते. या पद्धतींत प्रत्येक नोंदीबरोबर तिचें आयुष्यही लिहिलेलें असतें, तेंही सेकंदांत. दुसऱ्याच्या वहींतून घेतलेलें उत्तर तेवढे सेकंद वापरावें, मग टाकून द्यावें आणि पुन्हां विचारावें. मूळ वहीची नक्कल ठेवणाऱ्या यंत्रावरही असेंच बंधन आहे. त्यानें ठराविक काळानें मूळ वहीचा अनुक्रमांक वाढला आहे काय हें पाहावें, आणि मूळ वहीशीं संबंधच तुटला तर कांहीं मुदतीनंतर उत्तर देणेंच बंद करावें. आपली माहिती शिळी होते, हें या वहीनें प्रारंभींच कबूल केलें होतें. सरकारी दप्तरांतसुद्धां इतका प्रामाणिकपणा क्वचितच आढळेल!

मात्र या पद्धतीच्या शेजारीं दुसरी एक नोंद वाढत होती, आणि तिला असें आयुष्य कोणीं लावून दिलें नव्हतें. नांव कोणाचें, अडचण आल्यास कोणाला विचारावें, ही ती नोंद. १९८२ पासून ‘हूइज’ या व्यवस्थेनें ती पाहतां येऊं लागली. माणसें नोकऱ्या सोडतात, पत्ते बदलतात. नोंद तशीच राहते.

१५ मार्च १९८५ रोजीं ‘सिम्बॉलिक्स’ या कंपनीनें ‘डॉट कॉम’ खालचें पहिलें नांव घेतलें. त्या काळीं नांव घेण्यास पैसे पडत नसत. सप्टेंबर १९९५ पासून नेटवर्क सोल्यूशन्स कंपनीनें दोन वर्षांना शंभर डॉलर आकारण्यास आरंभ केला, आणि पैशांबरोबर मुदत आली. डोमेन ही मालकीची वस्तु राहिली नाहीं, तो भाडेपट्टा झाला. १९९९ च्या डिसेंबरांत त्याचा प्रत्यय आला. मायक्रोसॉफ्टच्या हॉटमेलमध्यें प्रवेश देण्याचें काम ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नांवावर चाले. त्या नांवाचे पस्तीस डॉलर भरावयाचे राहिले, आणि ऐन नाताळांत पुष्कळांच्या पेट्यांचीं दारें बंद झालीं. शेवटीं टेनेसी संस्थानांतील एका परक्या प्रोग्रामरनें स्वतःच्या कार्डावरून ते पैसे भरले! कंपनीपाशीं पैसे नव्हते असें थोडेंच होतें? तारीख कोठें तरी लिहिलेली होती, पण ती ज्यानें पाहावयाची त्याच्या डोळ्यांपुढें नव्हती.

या सुमारास दप्तरांचाही एक निराळा इतिहास घडत होता. ब्रिटिश सरकारच्या संगणकविषयक मध्यवर्ती संस्थेनें १९८० नंतरच्या दशकांत ‘आयटिल’ या नांवानें जी कार्यपद्धति बसविली, तींत संस्थेचें प्रत्येक यंत्र व त्याचे परस्परसंबंध एका नोंदवहींत असावेत, हा आग्रह होता. पुढें लहान संस्थांचें संगणकाचें काम बाहेरच्या सेवा-कंपन्या पाहूं लागल्या. एकेका कंपनीकडे अनेक दवाखाने, शाळा, वकिलांच्या कचेऱ्या. त्यांच्यासाठीं आयटी ग्लू, हुडू यांसारखीं तयार दप्तरें निघालीं. नजर ठेवणारें यंत्र तर जगाला रोज विचारतच असतें: नांवाची मुदत केव्हां संपते, सुरक्षेचें प्रमाणपत्र किती दिवसांचें उरलें, टपाल कोणत्या यंत्राकडे जातें, तोतया टपाल अडविणाऱ्या नोंदी जागेवर आहेत काय. हीं उत्तरें रोज दप्तरांत पडावीं, हें ओघानेंच आलें. हातानें लिहिलेली मुदत दुसऱ्या वर्षीं चुकते. यंत्रानें लिहिलेली चुकत नाहीं.

परंतु यंत्रानें दप्तरांतील सर्वच जुनें पुसून तेथें नवें लिहावें काय?

जानेवारी १९, म्हणजे २०१९ चा जानेवारी, या प्रश्नाचें उत्तर देऊन गेला. अमेरिकेचें सरकारी कामकाज तेव्हां पैशांअभावीं ३५ दिवस अंशतः बंद होतें, आणि त्या अवधींत ऐंशींहून अधिक सरकारी प्रमाणपत्रांची मुदत संपून गेली. त्याच महिन्याच्या २२ तारखेस तेथील सायबर सुरक्षा संस्थेनें सर्व मुलकी खात्यांना तातडीचा हुकूम काढला. चोरट्यांनीं डोमेनच्या नोंदी बदलण्याचे परवलीचे शब्द मिळवून, टपालाचे व संकेतस्थळांचे पत्ते आपल्या यंत्रांकडे वळविले होते. नांव ताब्यांत आल्यामुळें त्या नांवाचें खरेंखुरें प्रमाणपत्रही त्यांना मिळे. बाहेरून पाहणाऱ्याला सारें सुरळीत दिसावें. नांव चालू, प्रमाणपत्र वैध, मुदत लांब. हुकुमांत म्हटलें होतें कीं प्रत्येक खात्यानें दहा कामाच्या दिवसांत आपल्या नोंदी तपासाव्या आणि त्या अभिप्रेत ठिकाणींच नेतात याची खात्री करून घ्यावी.

‘अभिप्रेत ठिकाण’ हें जगाला विचारून कळत नाहीं. तें आपल्या दप्तरांतच असावें लागतें. आणि दप्तर जर रोज रात्रीं आजच्या उत्तरानें पुसलें जात असेल, तर चोरानें लिहिलेला पत्ता दुसऱ्या सकाळीं आपल्याच वहींत आपला अधिकृत पत्ता म्हणून बसेल.

आपल्या सातबाऱ्याचें उदाहरण येथें सहज आठवतें. शेतांत जें पीक उभें दिसतें तें पीकपाहणींत नोंदवावयाचें. पूर्वीं तलाठी तें करी, २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतः मोबाइलवरून करूं लागला. पण ही नोंद गांव नमुना बारांत जाते. सातांतील मालकाचें नांव उभ्या पिकावरून कोणी बदलीत नाहीं. त्यासाठीं फेरफाराची निराळी वही, नोटीस आणि अधिकाऱ्याची मंजुरी लागते. डोमेनच्या दप्तरालाही दोन रकाने हवेत. एकांत आज काय दिसलें, तें यंत्रानें तारीख घालून लिहावें. पाहणी झालीच नाहीं, तर कालचें उत्तर आजच्या तारखेनें लिहूं नये. दुसऱ्यांत काय असावयास हवें, तें माणसानें ठरवून, सही करून लिहावें. दोहोंत फरक पडला कीं यंत्रानें हांक मारावी, आणि तेवढ्यावर थांबावें. तो फरक हीच या सर्व खटाटोपाची कमाई आहे. जी जोडणी तो गुपचूप मिटवून टाकते, ती कितीही सफाईदार असली तरी मला नको.

प्रमाणपत्रांची मुदत तर आखडतच चालली आहे. एप्रिल २०२५ मध्यें प्रमाणपत्रें देणाऱ्यांच्या व ब्राउझरवाल्यांच्या मंडळानें ठरविलें कीं १५ मार्च २०२९ पासून कोणतेंही प्रमाणपत्र ४७ दिवसांहून अधिक काळाचें असूं नये. इतक्या वेळां हातानें नवें घेणें कोणालाच शक्य नाहीं. तें काम यंत्रेंच करतील. डोमेनच्या भाड्याचें तसें नाहीं. तें अजून कोणाच्या तरी कार्डावर आणि कोणाच्या तरी ई-मेलवर अवलंबून आहे, आणि तो ई-मेल त्याच डोमेनवरचा असला, तर मुदत टळून नांव बंद पडल्यावर शेवटची सूचना बंद पेटींत येऊन पडते.