पॉइंट घासण्याची विद्या

पेट्रोल इंजिनातील ठिणगी बॅटरीच्या अवघ्या ६ किंवा १२ व्होल्टांतून मिळवायची, तर कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, वाहणारा प्रवाह नेमक्या क्षणी तोडावा लागतो. कारण प्रवाह तुटताच तिच्यातील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब निर्माण होतो. हा प्रवाह तोडणारा चिमुकला स्विच म्हणजे गॅरेजच्या बोलीतील ‘पॉइंट’. अमेरिकेतील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयत्नांतून आकाराला आलेली बॅटरी-कॉइलची पद्धत कॅडिलॅकने १९१०च्या मोटारींसाठी स्वीकारली आणि पुढे ती जगभर रुळली. केटरिंग यांच्या ‘डेल्को’ कंपनीचे नाव तर फ्रेंचमध्ये डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाचे, सामान्यनामच होऊन बसले.

पॉइंटचे दुखणे त्याच्या कामातच दडलेले होते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि दर वेळी फटीत छोटीशी ज्योत उठू पाहते. ती दाबण्यासाठी शेजारी कंडेन्सर, म्हणजे विद्युतभार क्षणभर साठवणारे उपकरण, जोडलेले असे आणि टोके टंगस्टनसारख्या कठीण, सहजी न वितळणाऱ्या धातूची असत. तरीही एका टोकाचा धातू कणाकणाने दुसऱ्यावर जाऊन इकडे खड्डा व तिकडे उंचवटा तयार होईच.

त्यामुळे घासणे ही निव्वळ सफाई नव्हती. खड्डा आणि उंचवटा फार लवकर वाढले, तर जाणता मेकॅनिक कंडेन्सरवर संशय घेई. टोके काळवंडलेली दिसली, तर तेल किंवा ग्रीस आत आल्याचे ओळखी. बारीक कानशीने उंचवटा उतरवून सुमारे ०.४ मिलिमीटरची फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्याने, लावली जाई. मात्र उंचवटा तसाच ठेवून मापले, तर पाते त्यावरच टेकते आणि खरी फट मापापेक्षा मोठी राहते. पॉलिश पेपर हाताशी असे खरा, पण त्याचे कण टोकांत रुतून नवे जळणे सुरू करीत, म्हणून घाईचा हा उपाय महागात पडे.

यावर शेवटी जो तोडगा निघाला, त्यात पॉइंट सुधारण्याऐवजी तोच काढून टाकण्यात आला. प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टरकडे गेले आणि वेळेचा इशारा चुंबकीय संवेदकाकडून येऊ लागला. क्रायस्लरने १९७३मध्ये ही व्यवस्था आपल्या अमेरिकी मोटारींत सरसकट दिली. त्याच सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट ११००ला ‘पद्मिनी’ हे नवे नाव मिळत होते. नाव बदलले तरी आतला पॉइंट तोच राहिला, आणि मुंबईच्या टॅक्सी-गॅरेजांतील कानशीला आणखी बरीच वर्षे काम पुरले.