राजाचा मित्र, राजाचा विरोधक : संत थॉमस बेकेट

१/७
२९ डिसेंबर ११७०. इंग्लंडमधील कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये सायंप्रार्थनेच्या वेळी चार सशस्त्र सरदार शिरले. त्यांनी आर्चबिशप थॉमस बेकेटला तलवारीने ठार केले. ते राजा दुसरा हेन्री याच्या पदरचे होते. आणि बेकेट हा एके काळी त्याच राजाचा जिवलग मित्र.

२/७
बेकेट लंडनच्या व्यापाऱ्याचा मुलगा. हेन्रीचा चान्सलर म्हणून त्याने वैभव आणि युद्ध दोन्ही अनुभवले. चर्चवर आपला वचक राहावा, या हेतूने हेन्रीने ११६२ मध्ये त्याला आर्चबिशप केले. पदग्रहणाच्या आदल्या दिवशी त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली! मात्र लवकरच त्याने चान्सलरपद सोडले आणि तो चर्चच्या हक्कांचा कडवा रक्षक झाला.

३/७
वादाचे मूळ काय? दीक्षिताने खून केला तरी खटला चर्चच्या न्यायालयात चाले. तेथे देहदंड नव्हता; पदच्युती हीच मोठी शिक्षा. ११६४ मध्ये क्लॅरेंडन येथे हेन्रीने १६ कलमे मांडली. दोषी ठरलेल्या दीक्षिताला चर्चने संरक्षण देऊ नये, त्याला राजाच्या न्यायालयाने शिक्षा द्यावी, हे त्यांतील एक. बेकेटचा आक्षेप : एका अपराधाला दोन शिक्षा नकोत.

४/७
त्याच वर्षी बेकेट फ्रान्समध्ये परागंदा झाला. जून ११७० मध्ये हेन्रीने युवराजाचा राज्याभिषेक यॉर्कच्या आर्चबिशपकडून करवला. हा मान परंपरेने कँटरबरीचा. समेटानंतर बेकेट परतला, पण अभिषेकात सहभागी झालेल्या बिशपांवरील कारवाई त्याने मागे घेतली नाही. नॉर्मंडीत असलेला हेन्री संतापला.

५/७
‘या उपद्व्यापी पाद्र्यापासून मला कोणी सोडवील का?’ हे लोकप्रिय वाक्य समकालीन वृत्तान्तांत या रूपात नाही. हत्येचा प्रत्यक्षदर्शी एडवर्ड ग्रिम लिहितो, त्यानुसार राजाने आपल्याच आश्रितांना नाकर्ते म्हणून दूषणे दिली. चौघांनी त्यातून आज्ञा वाचली.

६/७
११७३ मध्ये पोप तिसरा अलेक्झांडर याने बेकेटला संत घोषित केले. ११७४ मध्ये हेन्री अनवाणी त्याच्या थडग्याशी गेला आणि त्याने भिक्षूंच्या हातून फटके खाल्ले. दीक्षितांविषयीचा आग्रहही त्याला बव्हंशी सोडावा लागला. ती सवलत, रूप बदलत, इंग्लिश कायद्यात १८२७ पर्यंत टिकली.

७/७
कायदा सर्वांना समान असावा आणि एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नसावी, ही दोन्ही तत्त्वे आज आपल्याला मान्य आहेत. म्हणूनच या वादात एकच बाजू न्याय्य ठरवणे अवघड. हेन्रीचा मुद्दा पोकळ नव्हता. तलवारींनी मात्र तो कित्येक शतके मागे टाकला.